हरकतीच्या आधी : परंड्याचा उद्या आखताना

महाराष्ट्रातल्या लहान गावाचा विकास आराखडा लोकांना पहिल्यांदा भेटतो तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टाइपातल्या जाहीर नोटिशीत. प्रारूप आराखडा नगरपरिषदेत पाहायला ठेवला आहे, तीस दिवसांत हरकती व सूचना द्याव्यात, एवढाच तिचा मजकूर. ज्याच्या प्लॉटमधून डीपी रोड गेला किंवा ज्याच्या रानावर आरक्षण पडलं तो धावत जातो, वकील गाठतो, अर्ज टाकतो. बाकीचं गाव आपल्या कामात असतं. नियोजन समितीपुढे सुनावण्या होतात, अहवाल जातो, शासनाची मंजुरी येते आणि पुढची वीस वर्षं गावानं कुठल्या अंगानं वाढायचं ते ठरून जातं. कागदोपत्री लोकांचा सहभाग झालेला असतो.

पुढच्या पानांतला सगळा खटाटोप या पद्धतीतला क्रम बदलण्यासाठी आहे. परंड्याच्या लोकांनी हरकतीच्या टप्प्यावर नव्हे, त्याच्या बरंच आधी, गावाचा आजचा नकाशा तयार होत असतानाच आत यावं, असं या पुस्तिकेचं म्हणणं आहे. यासाठी नवा कायदा लागत नाही. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात पायऱ्या स्पष्ट आहेत. आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर करायचा, मग विद्यमान जमीनवापराचा नकाशा तयार करायचा, त्यानंतर प्रारूप आराखडा. दुसऱ्या पायरीवर कोणाला विचारू नये असं कायदा कुठेही म्हणत नाही. विचारलं पाहिजे असंही म्हणत नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे. सर्वेक्षणाचं काम बहुतेक वेळा बाहेरच्या यंत्रणेकडे जातं, उपग्रहाची चित्रं आणि मोजणीची यंत्रं घेऊन माणसं येतात, रहिवासी भाग पिवळ्या रंगात आणि व्यापारी भाग निळ्या रंगात रंगवून जातात. कुठल्या गल्लीत पहिल्या पावसाला गुडघाभर पाणी साचतं, कुठला आड उन्हाळ्यातही आटत नाही, कुठला ओढा बुजवून त्यावर लेआउट पडलं, हे त्या रंगांत येत नाही. ते गावातल्या माणसांना तोंडपाठ असतं. ती माहिती सुनावणीच्या दिवशी येते तेव्हा तक्रार ठरते. तीच सर्वेक्षणाच्या दिवशी आली असती तर पुरावा ठरली असती.

ज्याच्याबद्दल हे लिहायचं ते गाव आडबाजूचं असलं तरी साधं नाही. परंडा धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आहे. कचेरी धाराशिवची, पण बाजार बार्शीचा, रेल्वे कुर्डुवाडीची आणि शिकायला-कमवायला गेलेली पोरं पुण्याची. सरकारदरबारी मराठवाड्यात आणि रोजच्या व्यवहारात सोलापूरच्या अंगाला, अशी ही जागा. वस्ती वीस हजारांच्या आसपास, आणि मधोमध एक किल्ला, जो नुसता पाहायला आलेल्यालाही गप्प करतो. हा भुईकोट बहमनी वजीर महमूद गावानच्या काळातला मानतात. दुहेरी तट, खोल खंदक, आत बारव, मशीद, बुरुजांवर तोफा. 1600 मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडलं, तेव्हा मलिक अंबरनं मुर्तझाला निजामशहा म्हणून गादीवर बसवलं आणि काही वर्षं निजामशाहीची राजधानी परंड्यात नांदली. विजापूरच्या बुरुजावर आज जी मुलुख-ए-मैदान तोफ लोक पाहतात ती नगरला 1549 मध्ये ओतली गेली आणि परंड्याहूनच 1632 मध्ये विजापूरला नेली गेली. पुढे मोगल, मग निजाम, मग 1948 नंतर हैदराबाद राज्य, 1956 ला द्वैभाषिक मुंबई, 1960 ला महाराष्ट्र. राज्यं बदलली तशी कचेरीची भाषाही बदलली. गावाला विचारून मात्र यातलं काहीच झालं नाही.

मलिक अंबरचा उल्लेख नुसता अभिमानापोटी नाही. हाच माणूस परंड्यानंतर दहा वर्षांनी, 1610 च्या सुमारास, खडकी वसवायला बसला. आजचं छत्रपती संभाजीनगर ते हेच. खडकीसाठी त्यानं जमिनीखालून नहर आणली. डोंगराकडचं पाणी नुसत्या उताराच्या बळावर हौदांपर्यंत पोचवणारी ही नहर-ए-अंबरी पुढे तीन शतकांहून अधिक काळ कामाला आली. आधी पाण्याचा उतार पाहायचा, मग वस्ती मांडायची, ही अक्कल दख्खनमध्ये चारशे वर्षांपूर्वी होती. आपण आज उलट करतो. वस्ती आधी होते, नळ नंतर येतो, गटार त्याच्याही नंतर, आणि ओढ्याची आठवण पुरात होते.

पूर हा शब्द परंड्याच्या संदर्भात काही वर्षांपूर्वी कोणाला पटला नसता. हा पर्जन्यछायेतला दुष्काळी टापू. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं ते याच पट्ट्यात. तालुक्यात सीना-कोळेगाव, खासापुरी, चांदणी असे प्रकल्प असूनही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणं कोणाला नवं नाही. आणि सप्टेंबर 2025 मध्ये याच तालुक्यात सीनेच्या पुरानं गावं वेढली. पाण्यात अडकलेल्यांना काढायला बचावपथकं आणि हेलिकॉप्टर आणावी लागली, उभी पिकं गेली, जनावरं वाहून गेली, रानातली मातीसुद्धा खरवडून निघाली. ज्या गावाचं सगळं नियोजन पाणी कुठून आणायचं या प्रश्नाभोवती फिरत होतं, त्याला पाणी कुठून जाऊ द्यायचं हाही प्रश्न त्या आठवड्यानं विचारला. शाश्वत विकास हा शब्द भाषणांत फार झिजला आहे. परंड्यापुरता त्याचा अर्थ मला एवढाच दिसतो: एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, दोन्ही वेळा राहता येईल असं गाव.

असं गाव बाहेरच्या तज्ज्ञानं आखून दिलं तर काय बिघडलं, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला ते उत्तर उभं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. जागतिक बँकेच्या मदतीनं राज्यानं पुनर्वसनाचा जो कार्यक्रम हाती घेतला तो तेव्हा देशातला अशा प्रकारचा सर्वांत मोठा. त्यात दोन वाटा होत्या. जिथं हानी सर्वाधिक होती ती बावन्न गावं नव्या जागी हलवून पूर्ण नवी बांधायची. आणि जिथं घरं उभी होती पण तडकली होती, तिथं मालकालाच पैसे आणि तांत्रिक सल्ला देऊन आहे ते घर दुरुस्त आणि मजबूत करायचं.

पहिल्या वाटेनं गेलेली गावं आजही पाहावीत. रुंद सरळ रस्ते, चौकोनी ब्लॉक, जमीनधारणेनुसार 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं. जुन्या गावात भावकी एका बोळात होती, नव्यात ती यादीप्रमाणे विखुरली. गल्लीच्या तोंडावरचा पार, घराघरांमधली बसायची जागा, परसातला गोठा, धान्य साठवायची कोठी यांना नव्या नकाशात ठिकाण नव्हतं. वस्ती पसरट झाल्यामुळे पाण्याची पाइप लांब, दिव्याची तार लांब, शेताची वाट लांब, आणि हा सगळा खर्च पुढे ग्रामपंचायतीच्या माथी. पण लोकांना विचारलंच नाही म्हणून असं झालं, असं म्हणून मोकळं होता येत नाही. दगड-मातीच्या भिंतींखाली माणसं गाडली गेली होती. भीतीच्या त्या दिवसांत कित्येक गावांनी स्वतःच दुसरीकडे हलवा म्हणून मागणी केली. दगडी भिंत नको, जुनी जागा नको, शहरासारखं द्या. विचारणा झाली, पण घाईत आणि घाबरलेल्या माणसांना, आणि समोर ठेवलेला आराखडा वाचायची सवय कोणालाच नव्हती. कागदावरची सरळ रेघ सगळ्यांना नीटनेटकी वाटली.

दुसऱ्या वाटेनं गेलेल्या गावांत काम धिमं होतं, कटकटीचं होतं, पण वेगळं होतं. तिथं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला लोकसहभागाचं काम दिलं गेलं आणि गावोगावी ‘संवाद सहायक’ नेमले गेले, त्यात प्रामुख्यानं महिला मंडळांतल्या बायका. हप्त्याचे पैसे आले का, गवंड्यानं कोपऱ्यात बांधणी नीट घातली का, सिमेंट किती पोत्यांत संपलं, हे त्या पाहू लागल्या. ज्या बायकांना घर बांधताना चूल कुठे मांडायची एवढंही कोणी विचारलं नव्हतं, त्या तालुक्याच्या अभियंत्याला मापं विचारू लागल्या. त्यांतल्या अनेकजणी पुढे बचतगटांत, ग्रामपंचायतींत, आरोग्याच्या आणि पाण्याच्या कामांत दिसल्या. भूकंपातून उरलेली ही सगळ्यांत टिकाऊ गोष्ट म्हणावी लागेल. जिल्ह्याजवळ लोकसहभागाचा एवढा अनुभव असताना परंड्याला तो ब्राझीलहून किंवा केरळहून मागवायचं कारण नाही. तरी त्या दोन ठिकाणांचं नाव घ्यायलाच हवं, ते एका मुद्द्यासाठी. पोर्तो अलेग्रे शहरानं 1989 मध्ये अर्थसंकल्पाचा काही भाग वस्त्यांच्या सभांपुढे ठेवला आणि केरळनं 1996 च्या जननियोजन मोहिमेत योजनाखर्चाचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे दिला. दोन्हीकडे लोकांना मताबरोबर पैसाही मिळाला. पुण्यानं 2006 पासून सहभागी अंदाजपत्रक आणलं, पण ते बाकडी, पदपथ, दिवे अशा किरकोळ कामांच्या अर्जांपलीकडे फारसं सरकलं नाही. अर्ज भरणं म्हणजे ठरवणं नव्हे, एवढं त्यातून घ्यावं.

ज्या गोष्टीत ठरवण्याचा अधिकार आणि पैसा दोन्ही नगरपरिषदेच्या हातात आहेत त्यापासून सुरुवात करणं शहाणपणाचं, आणि अशी गोष्ट म्हणजे पाणी. कराडजवळच्या मलकापूरचं उदाहरण म्हणून घ्यायचं. ती लहान नगरपंचायत असताना तिनं सुमारे 2009 पासून घरोघर मीटर लावून चोवीस तास पाणी द्यायला सुरुवात केली. मीटर म्हटलं की विरोध ठरलेला. ‘आमच्याच नळाला घड्याळ का?’ हा प्रश्न कुठल्याही गावात उठतो. मलकापुरात दराची रचना अशी केली की कमी वापरणाऱ्याला कमी, जास्त वापरणाऱ्याला चढत जाणारा दर. चोवीस तास पाणी आलं की साठवण्याची गरज संपते, आणि शिळं पाणी ओतून देण्याची सवयही. सुटलेल्या पाण्याच्या दोन तासांत जे गाव मोटारी लावून नळ ओढतं, तिथं खालच्या अंगाच्या घरांना धार मिळते आणि वरच्या अंगाला हवा. पाण्याचा हा वाटप-तंटा नकाशावर आणला तर कोण वर आहे आणि कोण खाली, हे जातीनं, पक्षानं न दिसता समपातळीच्या रेषेनं दिसतं. भांडण मिटत नाही, पण निदान खऱ्या कारणावर होतं.

कचऱ्यासाठी वेंगुर्ल्याकडे पाहावं. तेही परंड्यासारखं क वर्ग नगरपरिषदेचंच लहान गाव. तिथले मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घरातूनच कचरा वेगळा करून घेण्याची शिस्त लागली आणि कचरा डेपोची जागा लोक पाहायला येतील अशी झाली. यात मला एकच खटकतं, आणि ते वेंगुर्ल्याबद्दल नाही. मुख्याधिकारी बदलून जातो. चांगला अधिकारी आला की गाव उजळतं आणि गेला की घंटागाडी पुन्हा सगळं एकत्र उचलते, असा अनुभव महाराष्ट्रभर आहे. नगरसेवकांवर भिस्त ठेवावी तर 2021-22 नंतर बरीच वर्षं राज्यातल्या नगरपालिकांवर प्रशासकच होते. निवडणुका झाल्या त्या 2025 च्या अखेरीस. एवढा काळ प्रभागाला जाब विचारायला निवडून आलेलं माणूसच नव्हतं. गावाचं नियोजन व्यक्तीवर न ठेवता रीतीवर ठेवायचं ते यासाठी.

रीत कायद्यात आहे का? थोडी आहे, पण पातळ. 74 व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांना नियोजनाचं काम दिलं, पण प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाखांवरच्या शहरांसाठी. परंड्यासारखं गाव त्यातून सुटलं. खेड्याला ग्रामसभा आहे, महानगराला प्रभाग समिती आहे, मधल्या गावाला काही नाही. 2009 साली राज्यानं कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आणली. बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. वीस हजारांचं गाव खरं तर यासाठी सर्वांत सोयीचं आहे. एका प्रभागातले लोक एका अंगणात मावतात, एकमेकांना नावानं ओळखतात, आणि कोणाचं बोलणं किती खरं धरायचं हेही त्यांना ठाऊक असतं.

अर्थात ओळखच आडही येते. सभा कुठे घ्यायची हा प्रश्न वाटतो तेवढा क्षुल्लक नाही. परंड्यात हंसराज स्वामींचा मठ आहे, ख्वाजा बद्रुद्दीन यांचा दर्गा आहे, शाळा आहेत, मंगल कार्यालयं आहेत. जागा निवडली की कोण येणार आणि कोण उंबऱ्याबाहेरून ऐकून जाणार हे अर्धंअधिक ठरून जातं. वेळही तशीच. सकाळी अकराला बोलावलं तर निवृत्त शिक्षक, प्लॉटिंगवाले आणि पुढारी येतात. मोलमजुरी करणारा, टपरी चालवणारा येत नाही. संध्याकाळी बोलावलं तर बायका स्वयंपाकात. दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं तर थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हरकतींचे तीस दिवस नेमके त्या मधल्या महिन्यांत पडले तर त्यांच्या वस्तीतून रस्ता गेला हे त्यांना परतल्यावर कळतं. म्हणून एका मोठ्या सभेपेक्षा निरनिराळ्या वेळी, गल्लीगल्लीत घेतलेल्या लहान बैठका बऱ्या. बायकांची बैठक वेगळी व्हावी, आणि तिचं टिपण मोठ्या सभेत बायकांपैकीच कोणी वाचून दाखवावं. शाळेतल्या मुलांना तर नकाशा करायला द्यावाच. आपल्या गल्लीतला प्रत्येक दिवा, झाड, उघडं गटार, हापसा मोजून आणायला नववीच्या मुलांना दोन रविवार पुरतात, आणि त्यांच्या आकड्यावर शंका घ्यायला कोणी सहसा धजत नाही.

पाहणीवर एवढा भर देणारा एक माणूस आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी येऊन गेला. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विद्वान 1914 मध्ये भारतात आला. पुढे 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्याच्या आधी, 1918 साली, त्यानं होळकरांच्या इंदूरचा अहवाल लिहिला. गावात प्लेगची साथ. गोरे अभियंते जुन्या वस्त्या पाडून हमरस्ते काढायचा सल्ला देत; हा गृहस्थ मात्र दिवसेंदिवस बोळांतून पायी हिंडला. पाडायचं ते अगदी थोडं, बाकी आहे ते नीट करायचं, अशी त्याची पद्धत. त्यानं दिवाळीला मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं की ज्या रस्त्यांवर घरं सर्वांत जास्त झाडून-रंगवून झाली असतील त्या रस्त्यानं ती जाईल. गाव कामाला लागलं. 1966 च्या कायद्यातली विद्यमान जमीनवापराची पायरी मला याच विचाराची दूरची वंशज वाटते, फक्त तिच्यातून पायी हिंडणं तेवढं गळून गेलं.

आरक्षणांबद्दल पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते मुद्दाम कोरडं ठेवलं आहे. बाग, क्रीडांगण, दवाखाना यांसाठी आरक्षणं टाकायला काहीच लागत नाही. ती जागा घ्यायला पैसे लागतात. दहा वर्षांत ती ताब्यात घेतली नाही तर मालक कायद्यानं नोटीस देऊन आरक्षण सोडवून घेऊ शकतो. क वर्गाच्या नगरपरिषदेच्या तिजोरीत हा पैसा क्वचितच असतो, त्यामुळे आराखड्यातल्या बागा एकेक करून प्लॉट होतात आणि मालकाचा मात्र मधल्या काळात कोंडमारा होतो. लोकांपुढे नकाशा ठेवताना शेजारी किमतीचा कागद ठेवावा असा आमचा आग्रह आहे. पाच बागा कागदावर हव्यात की एक जमिनीवर, हे लोकांनीच सांगावं. यात जमीनमालकांचा आवाज मोठा असणार हे धरून चालावं. सहभागाचं नाव घेऊन सुनावण्या ‘माझं आरक्षण काढा’ यावरच संपतात, ही रड जुनी आहे. तिच्यावर उपाय हाच की ज्यांच्या नावावर जमीन नाही, पण ज्यांची मुलं त्या मैदानावर खेळणार आहेत, तेही पहिल्या दिवसापासून खोलीत बसलेले असावेत.

किल्ल्यासंबंधीच्या प्रकरणाशी मात्र माझं पूर्ण जमत नाही, ते इथेच नोंदवतो. त्यात पर्यटनावर भर आहे: वाहनतळ, दिवे, माहितीफलक, खाण्याची दुकानं. मला खंदकाची काळजी आधी वाटते. गावाच्या मधोमध एवढा मोठा खोलगट भाग असणं आजच्या काळात सजावट नव्हे, सोय आहे. अवकाळी पावसाचं पाणी त्यात उतरू शकतं, मुरू शकतं, आसपासच्या आडांना लागू शकतं. अर्थात आत सांडपाणी आणि राडारोडा जात नसेल तर. संरक्षित स्मारकाच्या भोवती काही करायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती वेळखाऊ आहे, आणि योग्यच आहे. तटाला धक्का न लावता भोवतालच्या गल्ल्यांचं पाणी कुठे जातं एवढं एका पावसाळ्यात नोंदवायला कोणाचीच परवानगी लागत नाही.

राज्याच्या माझी वसुंधरा अभियानात 2020 पासून नगरपरिषदा पृथ्वी, वायू, जल, अग्नी, आकाश अशा पाच सदरांखाली गुण मिळवतात. झाडं लावल्याचे, सौर दिवे बसवल्याचे, विहिरी साफ केल्याचे फोटो अपलोड होतात. अभियान चांगलं आहे, त्यानं पुष्कळ गावांत विषय तरी पोचला. मात्र फोटो वरच्या कार्यालयाला दाखवायचा असतो, आणि नकाशा शेजाऱ्याला. पुस्तिकेच्या शेवटी गावाचा जो कोरा नकाशा जोडला आहे तो त्यासाठीच. त्यात फक्त रस्ते आणि किल्ल्याची कड आहे. तो मोठा करून प्रत्येक प्रभागात एक असा लावावा: नगरपरिषदेच्या आवारात नव्हे, तर रेशन दुकानाशी, आठवडी बाजाराच्या तोंडाशी, एस.टी. स्टँडवर, दवाखान्याच्या ओसरीत. सोबत तीन रंगांच्या पेन्सिली. निळी पाणी साचतं तिथं, तांबडी पाणी मिळत नाही तिथं, हिरवी जिथं सावली आहे तिथं. पहिले पंधरा दिवस कोणी काही लिहिणार नाही, लिहिलं तर एखाद्या पुढाऱ्याचं नाव लिहील. तरी तो काढू नये. मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा असे ते नकाशे उतरवून एकावर एक ठेवायचे, आणि ज्या दिवशी नगररचना विभागाची सर्वेक्षणाची गाडी गावात येईल त्या दिवशी त्यांच्या हातात द्यायचे, पोच घेऊन.